सस्क्वेहाना नदीतला स्मॉलमाउथ बॅस : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मूळचा मालवणचा. काकांबरोबर खडपावर बसून गरवताना पहिला मासा गरीला लागला तेव्हाची ओढ अजून बोटांत आहे. गेली 14 वर्षं पेनसिल्वेनियात हॅरिसबर्गजवळ राहतो आणि जून ते ऑक्टोबर जमेल त्या सकाळी सस्क्वेहाना नदीत उभा असतो. खालचे प्रश्न मला फोनवर, नदीकाठच्या पार्किंगमध्ये आणि गणपतीच्या पंगतीत विचारले गेले आहेत. उत्तरं सनबरीपासून खाली हॉल्टवूड धरणापर्यंतच्या मधल्या सस्क्वेहानापुरती आणि तिला डंकॅननला येऊन मिळणाऱ्या जुनियाटापुरती आहेत. दुसऱ्या नदीवर जाणार असाल तर तिथले नियम वेगळे असतील, मासा मात्र बराचसा असाच वागेल.

हा बॅस म्हणजे आपला जिताडाच का?

नाही. जिताड्याला इंग्रजीत एशियन सी बॅस म्हणतात, तेवढ्यावरून हा गोंधळ होतो. जिताडा खाडीचा आणि समुद्राचा मासा. स्मॉलमाउथ बॅस गोड्या पाण्यातला, उत्तर अमेरिकेतल्या सनफिश कुळातला. शास्त्रीय नाव मायक्रोप्टेरस डोलोमियू. अंगाचा रंग पितळी-हिरवट, म्हणून इथले लोक त्याला ‘ब्रॉन्झबॅक’ म्हणतात. अंगावर वरून खाली उतरणारे गडद पट्टे असतात आणि डोळा लालसर असतो. पाण्यातून नुकताच काढलेला मासा उन्हात धरलात की पट्टे ठळक दिसतात आणि बघता बघता फिके पडतात. पिल्लांची शेपटी नारिंगी, काळी आणि पांढरी अशी तीन रंगांची असते. एकदा पाहिली की चुकायला होत नाही.

लार्जमाउथ बॅसपासून ओळखायचा कसा?

तोंड मिटलेलं असताना वरच्या जबड्याचं टोक बघा. स्मॉलमाउथचं टोक डोळ्याच्या खालीच थांबतं, लार्जमाउथचं डोळ्याच्या मागे जातं. शिवाय लार्जमाउथच्या अंगावर एक आडवी काळी रेघ असते, याच्यावर उभे पट्टे. लार्जमाउथला संथ, गवताळ, कोमट पाणी आवडतं. याला वाहतं पाणी आणि दगड लागतात.

हा मूळचा याच नदीतला आहे का?

नाही, आणि हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मलाही नवल वाटलं होतं. त्याचं मूळ घर ग्रेट लेक्स, सेंट लॉरेन्स आणि ओहायो-मिसिसिपीच्या खोऱ्यात. अपालाचियन डोंगरांच्या पूर्वेकडे, अटलांटिकला मिळणाऱ्या नद्यांत तो नव्हता. 1854 मध्ये विल्यम श्रायव्हर नावाच्या गृहस्थांनी ओहायो खोऱ्यातले थोडे बॅस आणून पोटोमॅक नदीच्या पाण्यात सोडले. आणले कसे, तर बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेच्या इंजिनामागे जी पाण्याची टाकी असते, तिच्यात भोकं पाडलेली पत्र्याची बादली सोडून. मासे बादलीत आणि ताजं पाणी आतबाहेर. त्या शतकातच तो सस्क्वेहानातही आला आणि इथे असा रुजला की आज नदीचं नाव काढलं की लोकांच्या डोळ्यासमोर तोच येतो.

या नदीचा मूळचा मानाचा मासा शॅड. समुद्रातून दर वसंतात वर चढून यायचा, अगदी आपल्याकडच्या पाल्यासारखा. एकामागून एक धरणं झाली, 1928 मध्ये मुखाजवळ कॉनोविंगोचं मोठं धरण उभं राहिलं आणि त्याची वाट अडली. बॅसवर माझं प्रेम आहे, पण नदीवर बोलताना शॅडला विसरून चालत नाही.

कुठला महिना चांगला?

नवशिक्याला मी जूनचा मध्य ते सप्टेंबर सांगेन. पाणी उतरलेलं असतं, मासा उथळात येतो आणि थंडीशी झगडावं लागत नाही. पाण्याचं तापमान 60 ते 80 अंश फॅरनहाइट, म्हणजे साधारण 15 ते 27 सेल्सिअस असतं तेव्हा तो खातापितो. जुलै-ऑगस्टच्या कडक उन्हात सकाळी उजाडताना आणि संध्याकाळी दिवे लागणीला जा. दुपारी तो खोल धारेत किंवा दगडाच्या सावलीत बसून राहतो.

ऑक्टोबर माझा आवडता. किनाऱ्यावरची मेपलची पानं लाल झालेली, नदीवर सकाळी धुकं, आणि थंडीआधी पोट भरून घ्यायच्या घाईत असलेले मोठे मासे. आकड्यांनी कमी लागतात, पण लागतात ते वजनदार.

हिवाळ्यात तो खोल डोहांत गोळा होतो आणि फारसा हलत नाही. अनुभव नसेल तर तेव्हा जाऊ नका. त्या पाण्यात पडलात तर काही मिनिटांत हातपाय चालेनासे होतात.

एवढ्या मोठ्या नदीत मासा शोधायचा कुठे?

हा खरा प्रश्न. हॅरिसबर्गला नदी जवळजवळ एक मैल रुंद आहे आणि उन्हाळ्यात कित्येक ठिकाणी गुडघाभर. काठावर उभं राहिलं की सगळं पाणी सारखंच वाटतं. पहिली दोन वर्षं मी नुसताच लांब लांब फेकत राहिलो आणि रिकाम्या हाताने घरी आलो. मग एका म्हाताऱ्या गरवणाऱ्याने मला काठी खाली ठेवायला लावली आणि अर्धा तास पाण्याकडे बघायला लावलं. त्यानंतरच मला मासे मिळायला लागले.

बघायचं काय ते सांगतो. ही नदी डोंगराच्या रांगा आडव्या कापत खाली येते. डोंगराचा कठीण खडक पाण्याखालूनही तसाच आडवा गेलेला आहे. त्यामुळे नदीच्या पात्रात या काठापासून त्या काठापर्यंत कातळाच्या पायऱ्या दिसतात. पाणी पायरीवरून पातळ होऊन घसरतं, खाली पडतं आणि तिथे खळगा करतं. त्या खळग्यात तळाशी पाणी जवळजवळ थांबलेलं असतं, वरून मात्र जोरात धार जात असते. बॅस त्या थांबलेल्या पाण्यात बसतो. धारेतून अन्न वाहत येतं, तो पुढे होऊन ते घेतो आणि परत जागेवर येतो. कमी कष्टात जास्त खायला मिळेल ती त्याची जागा.

म्हणून जिथे वेगाचं आणि संथ पाणी एकमेकांना लागून वाहतं, ती रेघ शोधा. पाण्यावर ती स्पष्ट दिसते: एका बाजूला सुरकुत्या, दुसऱ्या बाजूला आरशासारखं गुळगुळीत पाणी, मधे फेसाचे बुडबुडे ओळीने चाललेले. मोठ्या दगडामागे अशी रेघ असते, बेटाच्या खालच्या टोकाला असते, पुलाच्या खांबांमागे असते. दगडाच्या मागच्या बाजूइतकीच त्याच्या पुढची बाजूही महत्त्वाची आहे. पाणी दगडावर आदळून मागे सरतं आणि पुढेही एक छोटी उशी तयार होते. मोठा मासा पुष्कळदा तिथेच असतो आणि बहुतेक लोक ती जागा सोडून देतात.

पोलराइज्ड चष्मा घ्या. पाण्यावरची चकाकी त्याने कापली जाते आणि तळाचा दगड, गवताचा पट्टा, खळग्याची काळी कड दिसायला लागते. महाग काठीपेक्षा हा चष्मा आधी घ्यावा असं माझं ठाम मत आहे.

काठी, रीळ, तंगूस कोणतं घ्यावं?

साडेसहा ते सात फुटांची मध्यम ताकदीची स्पिनिंग काठी, 2500 आकाराचं रीळ आणि 8 पौंडाचं तंगूस. एवढ्यावर या नदीतले सगळे बॅस पकडता येतात. हात बसला की विणलेली बारीक दोरी भरून पुढे तीन-चार फूट फ्लुरोकार्बनचं तंगूस जोडा. विणलेली दोरी ताणत नाही, त्यामुळे तळाचा प्रत्येक खडा हाताला कळतो.

आमिष कोणतं?

याच्या पोटात काय जातं ते आधी समजून घ्या. सगळ्यात आवडता म्हणजे क्रेफिश. आपल्या शेवंडीचं बोटभर लांबीचं, गोड्या पाण्यातलं रूप डोळ्यांपुढे आणा. दगड उलटला की तो मागच्या मागे झटक्याने पळतो. त्याखेरीज लहान मासे, आणि दगडाखाली राहणारी हेलग्रामाइट नावाची काळी, चिमटेवाली अळी.

म्हणून माझं पहिलं आमिष कायम एकच: साडेतीन इंची रबरी ट्यूब. आतून पोकळ, मागे झिरमिळ्या, पोटात 3 ते 7 ग्रॅमचं शिसं असलेला गळ. रंग काळपट हिरवा किंवा तपकिरी. धारेच्या वरच्या अंगाला, थोडं तिरकं फेका, तळाला लागू द्या आणि प्रवाहाबरोबर खाली येऊ द्या. रीळ फक्त सैल दोरी गोळा करण्यापुरतं फिरवा. दगडावर शिसं टक टक करत येतं ते हातात जाणवतं. मधेच ती टकटक थांबून दोरी ओल्या चिंधीत अडकल्यासारखी जड वाटली, की काठी उचला. नवशिका धक्क्याची वाट बघत बसतो. बॅस पुष्कळदा धक्का देत नाही, नुसता तोंडात घेऊन बसतो आणि आवडलं नाही तर थुंकून देतो.

ट्यूब दगडात अडकणार. एका सकाळी पाच-सहा हरवणं ठरलेलंच आहे. अडकत नसेल तर तुम्ही माशाच्या वरून फेकताय. शक्य असेल तिथे तुटलेलं तंगूस ओढून काढा आणि खिशात घाला. पाणपक्ष्यांच्या पायात ते गुंतलेलं मी पाहिलं आहे.

पाणी गढूळ असेल तर फिरत्या पात्याचं चमकदार आमिष. पहाटे पाणी शांत असेल तर पॉपर, म्हणजे पाण्यावर तरंगणारं, ओढलं की ‘पुळुक’ असा आवाज करणारं. पॉपरला एकदा हलवून गप्प राहायचं. त्याने उठलेली वर्तुळं विरून जाईपर्यंत थांबा. बहुतेक वेळा मासा त्या शांततेतच वर येतो.

फ्लाय फिशिंगने जमतं का?

फ्लाय फिशिंग म्हणजे केस-पिसं गळावर बांधून केलेल्या बनावट माशीने गरवणं. उत्तम जमतं. जगभर खाऱ्या आणि गोड्या पाण्यात वापरली जाणारी ‘क्लाउझर मिनो’ ही माशी याच नदीवरची. हॅरिसबर्गच्या खाली मिडलटाउन गाव आहे, तिथे फ्लायचं दुकान चालवणाऱ्या बॉब क्लाउझर यांनी 1980 च्या दशकात ती सस्क्वेहानातल्या स्मॉलमाउथसाठी बांधली. नाव दिलं त्यांचे मित्र, प्रसिद्ध गरवणारे लेफ्टी क्रे यांनी. गळाच्या दांडीवर शिशाचे दोन डोळे बांधले की गळ उलटा होऊन टोक वर राहतं, दगडात कमी अडकतं, आणि ओढ थांबली की माशी डोकं खाली करून बुडते, घाबरलेल्या छोट्या माशासारखी. हरणाच्या शेपटीचे केस आणि थोडी चमक, एवढंच सामान. हिवाळ्यातल्या संध्याकाळी घरी बसून स्वतः बांधता येते.

उन्हाळ्यात संध्याकाळी नदीवर बर्फ पडल्यासारखं दिसतं ते काय?

मेफ्लाय नावाचे पंखवाले कीटक. जुलैच्या शेवटी आणि ऑगस्टमध्ये अंधार पडताना पांढऱ्या मेफ्लाय पाण्यातून एकदम वर येतात, जोडीदार शोधतात, अंडी घालतात आणि त्याच रात्री मरून पाण्यावर पसरतात. त्या अर्ध्या-पाऊण तासात नदीचं पाणी उकळल्यासारखं हलतं, कारण लहानमोठे सगळे मासे वर येऊन खात असतात. टोपी, चष्मा, कानाची पाळी, सगळीकडे त्या बसतात. चावत मात्र नाहीत.

पुलांवरच्या दिव्यांना त्या झेपावतात. 2015 च्या जूनमध्ये कोलंबिया आणि राइट्सव्हिल या गावांमधल्या पुलावर मेफ्लायचा एवढा थर साचला की मोटारसायकली घसरल्या आणि पूल काही वेळ बंद करावा लागला. पुलावरून जाणाऱ्यांना त्रास झाला, पण माश्या येत आहेत याचा अर्थ नदीच्या तळाला जीव आहे. ज्या वर्षी त्या कमी दिसतात, त्या वर्षी मला काळजी वाटते.

पाण्यात चालत उतरायला किती पाणी सुरक्षित?

घरून निघण्याआधी अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याचं हॅरिसबर्गचं जलमापक इंटरनेटवर बघा. उन्हाळ्यात पाण्याच्या पातळीचा आकडा साधारण साडेतीन ते चार फुटांच्या आसपास असतो. तो 4 च्या वर गेला की मी पायी उतरत नाही. हा माझा नियम, तुम्ही नवीन असाल तर आणखी कडक ठेवा. आकडा चढत असेल तर कितीही कमी असला तरी जाऊ नका. तुमच्याकडे ऊन असतं आणि वर न्यूयॉर्क राज्यात पाऊस पडून गेलेला असतो.

माझी चूक सांगतो. चौथ्या वर्षी एका पायरीच्या कडेवर उभा राहून मी एका चांगल्या माशाशी झुंजत होतो. तो खाली पळाला, मीही दोन पावलं खाली सरकलो. शेवाळलेल्या कातळावरून पाय निसटला आणि छातीपर्यंत पाण्यात गेलो. कमरेचा पट्टा बांधलेला नव्हता, त्यामुळे वेडर्समध्ये, म्हणजे पाण्यात उतरताना घालायच्या छातीपर्यंतच्या रबरी विजारीत, पाणी भरलं. लाइफ जॅकेट अंगात होतं म्हणून डोकं वर राहिलं आणि खालच्या उथळात जाऊन लागलो. काठी गेली, मासा गेला, उजवा गुडघा महिनाभर सुजलेला होता. तेव्हापासून पट्टा आवळल्याशिवाय आणि हातात आधाराची काठी घेतल्याशिवाय मी पाण्यात पाय घालत नाही. दुसरं पाऊल टाकण्याआधी पहिलं नीट टेकलंय का बघायचं, आणि माशामागे कधीच धावायचं नाही.

बुटांचा तळ खिळ्यांचा रबरी असावा. फेल्टचा, म्हणजे दाबून केलेल्या लोकरी नमद्यासारख्या कापडाचा तळ चांगला धरतो, पण त्यात शेवाळाचे कण एका नदीतून दुसऱ्या नदीत जातात. शेजारच्या मेरीलँडमध्ये 2011 पासून फेल्टला बंदीच आहे.

हॅरिसबर्गच्या डॉक स्ट्रीट धरणाबद्दल लोक एवढं का सांगतात?

कारण ते दिसायला निरुपद्रवी आहे. नदीतल्या सिटी आयलंड बेटाच्या जरा खाली नदीवर आडवा बुटका बांध आहे. वरून येताना तो पाण्याच्या पातळीत मिसळून जातो. बांधावरून पडलेलं पाणी पायथ्याशी उलटं फिरतं आणि त्यात सापडलेली होडी किंवा माणूस पुन्हा पुन्हा बांधाकडे ओढला जातो. जॅकेट असूनही सुटका होत नाही. तिथे बरेच जीव गेले आहेत. होडीतून येत असाल तर सिटी आयलंडलाच बाहेर पडा. बांधाच्या वर किंवा खाली, त्याच्या जवळ जायचंच नाही.

होडी घ्यावी की पायीच?

कयाक असेल तर एक दिवसात खूप पाणी बघून होतं. वरच्या गावाला एक गाडी, खालच्या गावाला दुसरी, मधे सात-आठ मैल वाहत जायचं. पेनसिल्वेनियात 1 नोव्हेंबर ते 30 एप्रिल या काळात कयाक, कनू आणि 16 फुटांहून लहान होडीत लाइफ जॅकेट अंगात घालणं कायद्याने सक्तीचं आहे. मी म्हणेन बाराही महिने घाला. मोटारवाल्या होड्यांना इथे पंख्याऐवजी जेट, म्हणजे पाण्याचा झोत मागे फेकणारं यंत्र, लावतात, कारण पंखा या कातळावर टिकत नाही.

पकडलेला मासा खाता येतो का?

मध्य सस्क्वेहाना आणि खालच्या जुनियाटात नाही. तिथे पकडलेला बॅस ताबडतोब परत सोडायचा असा नियम 2011 पासून आहे, आणि त्यामागचं कारण माहीत असलं की तो नियम जाचक वाटत नाही.

2005 च्या उन्हाळ्यात या भागात बोटभर लांबीची बॅसची पिल्लं मोठ्या संख्येने मेलेली सापडली. अंगावर जखमा, कल्ल्यांजवळ फोड. पुढची काही वर्षं तेच. पिल्लंच वाढली नाहीत तर मोठे मासे येणार कुठून? काही वर्षांत गळाला लागणारे मासे घटले. नर माशांच्या वृषणांत अंड्यांच्या पेशी सापडल्या. 2014 च्या अखेरीस डंकॅननजवळ जबड्यावर मोठी गाठ असलेला एक बॅस मिळाला, आणि 2015 मध्ये तपासणीत ती कर्करोगाची निघाली. त्याच वर्षी राज्य आणि केंद्राच्या शास्त्रज्ञांनी शक्य ती सगळी कारणं तपासून मत दिलं, की रोगजंतू व परजीवी, आणि संप्रेरकांवर परिणाम करणारी रसायनं व तणनाशकं ही सर्वांत संभाव्य कारणं आहेत. शेतातून, गावांच्या सांडपाण्यातून थोडं थोडं येऊन साठणारं हे विष. एका नळाला कुलूप लावून ते थांबणार नाही.

गेल्या काही वर्षांत मासा सावरला आहे, मला ते गळावरही जाणवतं. पण हा सावकाश वाढणारा मासा आहे. 15 इंचाचा व्हायला साधारण पाच-सहा वर्षं लागतात, 20 इंचाचा म्हणजे दहा वर्षांच्या आसपासचा. असा एक मासा मारला तर त्याच्या जागी दुसरा यायला दशक लागतं. महाडजवळ वाळण कोंडीला गावकरी देवीचे मासे म्हणून खवल्या माशाला हात लावत नाहीत. मी लहानपणी तिथे लाह्या टाकल्या आहेत. इथे सोडलेला बॅस हातातून निसटून जाताना मला ती कोंड आठवते.

ज्या पाण्यात मासा ठेवायची परवानगी आहे तिथेही, राज्याचा सल्ला असा की स्वतः पकडलेला मासा आठवड्यातून एका जेवणापेक्षा जास्त खाऊ नये.

सोडायचा तर नीट कसा सोडावा?

गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा पकडीने आधीच दाबून टाका. मासा उगाच दमवू नका, लवकर आणा. हात ओले करून मगच धरा, नाहीतर अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि त्याला रोग होतो. खालच्या ओठाला अंगठ्याने धरा आणि दुसरा हात पोटाखाली द्या. नुसत्या ओठावर लोंबकळत धरू नका, जबडा दुखावतो. फोटो हवा तर कॅमेरा तयार झाल्यावर मासा वर काढा. तुम्ही श्वास रोखून जेवढं राहू शकता, त्याच्या आत त्याला पाण्यात परत न्या. गळ घशात खोल गेला असेल तर ओढू नका, तंगूस जवळून कापून सोडून द्या.

मग प्रवाहाकडे तोंड करून पाण्यात धरून ठेवा. कल्ले उघडमीट करतात, शेपूट हळूच हलते, आणि एका क्षणी तो स्वतःच तुमच्या हातातून जातो. पाणी 80 अंशांच्या वर तापलेलं असेल तर पाण्यात प्राणवायू कमी असतो. अशा दुपारी मी गरवतच नाही.

विणीच्या काळात काय पाळायचं?

वसंतात पाणी 60 अंशांच्या पुढे गेलं की नर उथळातल्या खडीवर शेपटीने वाळू झाडून ताटाएवढी गोल जागा करतो. मादी अंडी घालून जाते. राखण करतो तो नर. एकदा मे महिन्यात काठावरच्या झाडाखाली बसून मी अशी एक जागा तासभर पाहिली. तो जागचा हलत नव्हता, फक्त कल्ल्यांमागचे पंख वारा घातल्यासारखे हलत होते. एक छोटा सनफिश जवळ आला की हा बाणासारखा जायचा आणि लगेच परत यायचा. त्या दिवसांत तो जवळजवळ काही खात नाही.

या नराला कोणी दोन मिनिटांसाठी जरी उचललं तरी तेवढ्यात आजूबाजूचे मासे अंडी फस्त करतात. म्हणून वसंतात या पट्ट्यात वेगळे निर्बंध असतात. तारखा दरवर्षीच्या नियमपुस्तिकेत बघा. नियम काहीही असो, खडीवर गोल स्वच्छ जागा आणि तिच्यावर थांबलेला मासा दिसला तर तिकडे आमिष टाकू नका आणि तिथून चालूही नका.

परवाना लागतो का? भारतातून आलेल्या आई-बाबांनाही?

16 वर्षांच्या आणि त्यावरच्या प्रत्येकाला लागतो, पाहुण्यालाही. पेनसिल्वेनिया फिश अँड बोट कमिशनच्या संकेतस्थळावर पाच मिनिटांत निघतो. थोड्या दिवसांसाठी आलेल्यांसाठी एक, तीन आणि सात दिवसांचे परवाने आहेत. वर्षातले दोन दिवस, मेमोरियल डेच्या (मे महिन्याचा शेवटचा सोमवार) आधीचा रविवार आणि 4 जुलै, परवान्याविना गरवता येतं. त्या दिवशी आई-बाबांना न्या. माझ्या बाबांना पहिला बॅस 4 जुलैलाच लागला. त्यांनी तो हातात घेऊन डोळ्यांजवळ नेला, मालवणीत त्याच्याशी काहीतरी बोलले आणि सोडून दिला.

दुसरंच काही गळाला लागलं तर?

वॉलाय, कार्प, मस्की, कॅटफिश, सगळं लागतं. फ्लॅटहेड कॅटफिश इथला नाही, बाहेरून आला आहे, झपाट्याने वाढतो आणि बॅसलाही खातो. तो परत सोडू नये या मताचा मी आहे.

क्वचित दगडाखालून फूट-दोन फुटांचं चपटं, सुरकुतलेल्या कातडीचं काहीतरी वर येतं. ते पाहून लोक घाबरतात. तो हेलबेंडर, या खोऱ्यातला महाकाय सॅलमँडर आणि 2019 पासून पेनसिल्वेनियाचा राज्य-उभयचर. त्याला विष नाही. तंगूस कापा आणि त्याला जाऊ द्या.

जिवंत क्रेफिश आमिष म्हणून एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात कधीच नेऊ नका. रस्टी क्रेफिश नावाची बाहेरची जात अशीच पसरली. राज्यात त्याला बंदी आहे.

सगळ्यात मोठा स्मॉलमाउथ किती मोठा होता?

11 पौंड 15 औंस, म्हणजे जवळजवळ साडेपाच किलो. डेव्हिड हेज यांनी 9 जुलै 1955 रोजी टेनेसी-केंटकीच्या सीमेवरच्या डेल हॉलो तलावात पकडला. तलावातले मासे जाडजूड होतात. आपल्या नदीत 18 इंची मासा लागला तर दिवस सार्थकी लागला समजा, आणि 20 इंची लागला तर घरी फोन करा.

हॅरिसबर्गला एकच सकाळ आहे. कुठे जाऊ?

रॉकव्हिल पुलाशी. हॅरिसबर्गहून नदीच्या काठाकाठाने उत्तरेला गेलात की दिसतोच. 1902 साली बांधलेला, 48 कमानींचा दगडी रेल्वे पूल, आणि अजून त्यावरून मालगाड्या जातात. पूर्व काठाने सूर्योदयाआधी पोहोचा, मापक 4 फुटांच्या खाली आहे ना ते पाहून. सुरुवातीच्या खांबांच्या खालच्या बाजूला पाणी गुडघ्याच्या आसपास असतं, मागे भोवरे. पहिल्या खांबाच्या बगलेतली रेघ शोधा. तिच्या वरच्या टोकाला ट्यूब टाका आणि खाली येऊ द्या. गाडी गेली की दगडातून थरथर पाण्यापर्यंत येते, त्याने मासे बुजत नाहीत. दहा-बारा वेळा तिथेच फेकून झाल्याशिवाय पुढच्या खांबाकडे जाऊ नका.